आषाढातला शुक्रवार आणि उरलेलं वर्ष

प्रति,
माननीय जिल्हाधिकारी,
म्हैसूर जिल्हा.



हे पत्र कन्नडमध्ये लिहून आपल्या कार्यालयात रीतसर पाठवलं आहे. तेच मराठीत उघडपणे छापायला देतो आहे, कारण दसऱ्यात आणि दिवाळीच्या सुट्टीत राजवाड्याभोवती जी कोंडी होते तिच्यात एमएच पाटीच्या गाड्या कमी नसतात. कोल्हापूर, सांगली, पुण्याहून सहकुटुंब येणाऱ्या माझ्या भाषाबंधूंनाही, आपण ज्या गर्दीला नावं ठेवतो तिच्यात आपली गाडी धरलेली असते, हे कळायला हरकत नाही. म्हैसूरात राहून मीही एक गाडी बाळगून आहे. त्यामुळे हे गाडीद्वेष्ट्याचं पत्र समजू नये.

मुद्दा थोडक्यात असा. शहरातून मोटारी बाहेर कशा ठेवायच्या, हे म्हैसूरच्या प्रशासनाला परदेशातून कोणी येऊन शिकवायला नको. ते आपल्याला येतं. आपण ते दरवर्षी करता. फक्त देवीसाठी करता आणि मोजक्या दिवशी करता.

आषाढातले शुक्रवार घ्या. महाराष्ट्रात आषाढ म्हणजे आळंदी-देहूहून पंढरपूरला पायी निघालेल्या पालख्या. इथे आषाढ म्हणजे चामुंडेश्वरीच्या दर्शनाचे शुक्रवार. पहाटे अंधारातच माणसं चामुंडी डोंगराच्या हजार पायऱ्या चढायला लागतात, कित्येक बायका पायरीपायरीला हळद-कुंकू लावत वर जातात. पाय चालत नाहीत अशांची संख्याही मोठी असते. त्या दिवशी आपण काय करता? डोंगराच्या रस्त्यावर खासगी वाहनांना बंदी घालता. ललित महाल पॅलेसजवळच्या हेलिपॅडच्या मैदानात लोकांना गाड्या लावायला सांगता आणि तिथून केएसआरटीसीच्या, म्हणजे राज्य परिवहनाच्या, बस एकामागून एक वर सोडता. लोक कुरकुर करतात का? थोडी करतात. ओळखीपाळखीच्या लोकांच्या गाड्या मात्र वर जाताना दिसल्या की जास्त करतात, आणि ती कुरकुर रास्त आहे. पण हजारो माणसं दर्शन घेऊन दुपारपर्यंत घरी पोचलेली असतात. डोंगरमाथ्यावर खर्च करून बहुमजली पार्किंग बांधलेलं आहे. ते असूनही वर्षातल्या सर्वांत मोठ्या गर्दीच्या दिवशी भाविकांच्या गाड्या खालीच थांबवाव्या लागतात. म्हणजे गर्दी जितकी खरी, तितकं पार्किंग निकामी, हे प्रशासनाने स्वतःच मान्य केलेलं आहे.

विजयादशमीचंही तेच. जंबू सवारी, म्हणजे दसऱ्याची मिरवणूक, राजवाड्यातून निघून के. आर. सर्कल, सय्याजीराव रोड, आयुर्वेदिक कॉलेजचा चौक करत बन्नीमंटपला जाते, तो पाचेक किलोमीटरचा रस्ता वाहनांना बंद असतो. दसऱ्याच्या आधीपासून राजवाड्याभोवतीचे रस्ते एकेरी होतात, कुठे गाडी लावायची आणि कुठे नाही याचे नकाशे वर्तमानपत्रात येतात. त्या दिवसांत शहर बंद पडत नाही. उलट वर्षाचा सर्वांत मोठा धंदा व्यापारी त्याच दिवसांत करतात. त्यातला सय्याजीराव रोड हा बडोद्याच्या सयाजीराव गायकवाडांच्या नावाचा. मराठी पाहुण्यांनी तिथे गाडी लावायला जागा शोधत तीन फेऱ्या मारण्यापेक्षा एकदा चालत जावं.

आषाढी शुक्रवारची व्यवस्था चालते, कारण तिच्यात तीन गोष्टी एकाच वेळी असतात: वर जायला मनाई, खाली गाडी ठेवायला जागा आणि लगेच सुटणारी बस. यातली एक काढा, सगळं कोसळेल. नुसती मनाई केली तर दंगा होईल. नुसती बस ठेवली तर ती मोटारींच्या रांगेत अडकून पडेल. एवढी साधी गोष्ट म्हैसूरच्या वाहतुकीच्या बाकी सगळ्या योजनांत कुठेच नव्हती, आणि म्हणून त्या योजना चांगल्या असूनही मोटारी कमी करू शकल्या नाहीत.

आठवण करून देतो. जागतिक बँक आणि जागतिक पर्यावरण निधी यांच्या मदतीने केंद्र सरकारने शाश्वत नागरी वाहतुकीचा एक प्रकल्प आखला. त्यात पुणे, पिंपरी-चिंचवड, इंदूर, नया रायपूर यांच्याबरोबर म्हैसूर होतं. त्यातून २०१२ साली इथल्या शहर बससेवेला ‘मित्र’ नावाची यंत्रणा मिळाली. बस कुठे आहे आणि किती मिनिटांत येणार हे थांब्यावरच्या पाटीवर दिसू लागलं. तेव्हा देशात असं दुसरीकडे क्वचितच होतं. मग जून २०१७ मध्ये ‘ट्रिन ट्रिन’ आलं: ४५० सायकली, शहरभर ४८ स्टँड, कार्ड दाखवायचं, सायकल घ्यायची, दुसऱ्या स्टँडवर सोडायची. पुण्यात त्याच सुमारास ॲपवर चालणाऱ्या बिनस्टँडच्या सायकली आल्या आणि दोन-तीन वर्षांत नामशेष झाल्या. ट्रिन ट्रिन त्यापेक्षा कितीतरी टिकलं, विद्यार्थ्यांनी आणि नोकरदारांनी ते मनापासून वापरलं. नंतर देखभाल ढिली पडली, कोविड आला, सायकली खिळखिळ्या झाल्या.

पण देखभाल चोख असती तरी फार फरक पडला नसता, असं माझं मत आहे. कारण या दोन्ही योजनांनी शहरात काहीतरी नवीन आणून ठेवलं, मोटारीकडून मात्र काहीच काढून घेतलं नाही. सायकलवाल्याला बाजारपेठेतल्या देवराज अर्स रोडवर दोन्ही बाजूंना उभ्या असलेल्या गाड्या आणि मधून जाणारी वाहनं यांच्यातल्या फटीतूनच जायचं होतं. बसची वेळ पाटीवर दिसत होती आणि बस कोंडीत उभी होती. पुण्याने तर याहून पुढचा पराक्रम केला. नगर रोडवर बससाठी राखलेली मार्गिका, तिच्यामुळे कोंडी होते असं म्हणत, उखडून मोटारींना परत दिली. कोंडी कमी झालेली मला तरी दिसली नाही. राष्ट्रीय नागरी वाहतूक धोरण २००६ सालचं आहे, आणि त्यात वाहनं नव्हे तर माणसं हलवायची असं सरळ म्हटलेलं आहे. इतकी वर्षं ते फाइलीत आहे, रस्त्यावर उतरलेलं नाही.

आता देवराज अर्स रोडबद्दल जरा सविस्तर बोलू, कारण खरी गोम तिथे आहे.

या रस्त्यावर पार्किंगचे पैसे घ्यावेत हा विषय कितीदा निघाला आणि कितीदा मागे पडला, हे आपल्या दफ्तरात माझ्यापेक्षा नीट नोंदलेलं असेल. कधी या बाजूला, कधी त्या बाजूला अशी वाराप्रमाणे पार्किंगची सोय करून पाहिली गेली. दरवेळी प्रश्न एकच विचारला गेला: गाड्यांना जागा कुठून द्यायची? ही जागा कोणाची, आणि ती फुकट का, असं कोणी विचारलं नाही. एक मोटार उभी राहायला अडीच मीटर बाय पाच मीटर, म्हणजे साडेबारा चौरस मीटर जागा लागते. चौरस फुटांत सुमारे १३५. मुंबईत बीडीडी चाळीतली खोली १६० चौरस फुटांची होती आणि तिच्यात पिढ्यान् पिढ्या संसार झाले. म्हैसूरच्या सर्वांत महागड्या बाजारपेठेत जवळजवळ तेवढी जागा आपण गाडी असलेल्या कोणालाही, हवा तितका वेळ, नाममात्र पैशात किंवा फुकट देतो. दुकानाचं भाडं चौरस फुटावर मोजलं जातं. दुकानासमोरच्या रस्त्याचं भाडं कोणी मोजत नाही. डोनाल्ड शूप नावाच्या अमेरिकी अर्थशास्त्रज्ञाने २००५ साली फुकट पार्किंगच्या महागड्या किमतीवर जाडजूड ग्रंथ लिहिला. त्याचं सार असं, की फुकटची जागा नेहमी भरलेलीच असणार, आणि ती शोधत फिरणाऱ्या गाड्यांनी रस्ता आणखी भरणार.

व्यापारी म्हणतील, गाडी दाराशी आली नाही तर गिऱ्हाईक मॉलमध्ये जाईल. ही भीती खोटी नाही, पण अर्धीच खरी आहे. सकाळी दुकानं उघडायच्या सुमारास त्या रस्त्यावरून चालत जाऊन पाहा. गिऱ्हाईक यायच्या आधीच जागा भरत चाललेल्या असतात. त्यातल्या कित्येक गाड्या दुकानमालकांच्या आणि कामावर येणाऱ्यांच्या असतात आणि संध्याकाळपर्यंत हलत नाहीत. म्हणजे गिऱ्हाइकाची जागा आपणच अडवून गिऱ्हाइकाच्या नावाने पार्किंग मागायचं. पहिल्या तासाला माफक, दुसऱ्या तासाला दुप्पट, तिसऱ्याला चौपट असा दर लावा. साडी घ्यायला आलेलं कुटुंब माफक पैशात जागा मिळवेल. दिवसभर गाडी लावणारा दुसरी सोय पाहील. मिळालेला पैसा पालिकेच्या सर्वसाधारण खात्यात बुडू देऊ नका. त्याच रस्त्याच्या फुटपाथवर, दिव्यांवर, स्वच्छतागृहांवर खर्च करा आणि हिशेबाचा फलक के. आर. सर्कलला लावा. व्यापारी संघटना हिशेब वाचायला सर्वांत आधी येतील.

पुण्याचा आणखी एक दाखला देतो, कारण लक्ष्मी रोडचे व्यापारी देवराज अर्स रोडच्या व्यापाऱ्यांपेक्षा मऊ आहेत असा कोणाचा समज असेल तर तो चुकीचा आहे. २०२१ पासून ११ डिसेंबरला पुण्यात पादचारी दिन पाळतात आणि त्या दिवशी लक्ष्मी रोडचा एक भाग वाहनांना बंद ठेवतात. लोक रस्त्याच्या मधोमध चालतात, मुलं खेळतात, फोटो निघतात. दुसऱ्या दिवशी सगळं पूर्ववत. वर्षातून एक दिवस म्हणजे कौतुकसोहळा झाला. तो वाईट नाही, पण एका दिवसासाठी कोणी गाडी विकत नाही की बसचा पास काढत नाही. सवय लागायला गोष्ट दर आठवड्याला व्हावी लागते.

आपण रस्ता रुंद करायला निघालो की काय होतं तेही या शहराने पाहिलं. एप्रिल २०२५ मध्ये हैदर अली रोडवरची ४० झाडं रुंदीकरणासाठी तोडली गेली. लोक रस्त्यावर आले, निषेध झाला, मेणबत्त्या लागल्या. त्यानंतर त्या रस्त्याने जाताना उन्हात चालणारा माणूस अगदी कमी दिसतो, आणि ते साहजिक आहे. सावली काढून घेतली की चालणारा माणूस दुचाकी घेतो, दुचाकीवाला पैसे जमले की मोटार घेतो, आणि दहा वर्षांनी रस्ता पुन्हा अरुंद वाटायला लागतो. या शहरात १९०३ साली, प्लेगनंतर, नगर सुधारणेसाठी ट्रस्ट बोर्ड स्थापन झालं, देशातल्या अगदी पहिल्या अशा संस्थांपैकी एक. तेव्हाच्या माणसांनी रुंद रस्ते आणि मोकळी वस्ती आखली ती हवा खेळावी, उंदीर-घुशी कमी व्हाव्यात म्हणून. आपण तीच मोकळी जागा उभ्या गाड्यांनी भरून काढली. जुन्या वसाहतींत घरांच्या पाठीमागून जाणारे कन्झर्वन्सीचे बोळ अजून आहेत. काही ठिकाणी कचरा, काही ठिकाणी अतिक्रमण, काही ठिकाणी नुसती झुडपं. ते साफ करून फरशी घातली, दिवे लावले तर शाळेतल्या पोरांना मोठ्या रस्त्यावर न येता चालत जायला वाट मिळेल. खर्च किरकोळ आहे. उद्घाटनाला मंत्री यावेत इतकं ते भव्य नाही, म्हणूनच बहुधा झालेलं नाही.

आता एक्सप्रेसवे. १२ मार्च २०२३ रोजी बेंगळुरू-म्हैसूर महामार्गाचं उद्घाटन झालं, ११८ किलोमीटर. तीन तासांचा प्रवास दीड तासावर आला. बेंगळुरूहून सकाळी निघून म्हैसूरात इडली खायला येणं आता खरंच शक्य आहे. परिणाम आपण दर शनिवार-रविवारी पाहता. वेगाने आलेली प्रत्येक गाडी रिंगरोड ओलांडून आत शिरते आणि राजवाडा, प्राणिसंग्रहालय, चामुंडी डोंगर या तीन ठिकाणी पार्किंग शोधत फिरते. दीड तासात ११८ किलोमीटर, आणि पुढच्या पाच किलोमीटरला पाऊण तास. हे पाहुणे शहराला हवे आहेत. त्यांच्या गाड्या शहराच्या पोटात हव्या आहेत का?

म्हणून माझी पहिली आणि मुख्य विनंती. हेलिपॅडच्या मैदानावर आषाढात जे करता तेच दर शनिवार-रविवारी रिंगरोडवर करा. मणिपाल हॉस्पिटलच्या चौकाच्या अलीकडे आणि नंजनगुड रस्त्याच्या बाजूला मोठी, स्वस्त, राखणदार असलेली पार्किंगची जागा ठेवा. तिथून दर दहा मिनिटांनी बस: राजवाडा, प्राणिसंग्रहालय, देवराज मार्केट, डोंगर, आणि परत. दिवसभराचं एकच तिकीट. त्याच तिकिटात प्राणिसंग्रहालयाच्या रांगेत थोडी सवलत मिळाली तर पाहुणा आनंदाने गाडी ठेवेल. आणि राजवाड्याभोवती, शनिवार-रविवारी, बाहेरच्या गाड्यांना पार्किंग नाही. तीन गोष्टी एकत्र, आषाढातल्यासारख्याच. मोटार वाहन कायद्याच्या कलम ११५ ने वाहनांवर निर्बंध घालण्याचा अधिकार आहे. दसऱ्यात तो वापरला जातोच.

दुसरी विनंती बसची, आणि ती इथल्या रहिवाशांसाठी आहे. ११ जून २०२३ पासून शक्ती योजनेत बायकांना साध्या सरकारी बसमध्ये मोफत प्रवास आहे. तेव्हापासून सकाळची बस बायकांनी भरलेली असते, आणि घरातला पुरुष बाइकवर निघालेला असतो. योजनेने बसला प्रवासी दिले. आता त्या प्रवाशांना पुरेशा बस द्यायला हव्यात. जानेवारी २०२५ मध्ये तिकिटं १५ टक्क्यांनी वाढली, म्हणजे पुरुषाने बाइक सोडावी यासाठी कारण आणखी एक कमी झालं. त्यात आपली बहुतेक शहर बस के. आर. सर्कलजवळच्या सिटी बसस्टँडवरून सुटते आणि तिथेच परत येते. कुवेंपुनगरहून हेब्बाळच्या कारखान्यात जायचं तर शहराच्या मध्यात येऊन बस बदला. रिंगरोडला धरून फिरणाऱ्या, वसाहतीतून वसाहतीत जाणाऱ्या बस हव्यात, आणि त्या रात्री नऊनंतरही हव्यात. दुसरी पाळी सुटणाऱ्या कामगाराला, शिकवणीहून परतणाऱ्या मुलीला रात्रीची बस नसेल तर त्या घरात दुसरी दुचाकी येणारच.

दुचाकीचा विषय टाळून चालणार नाही. म्हैसूरात मोटारींपेक्षा दुचाकी कितीतरी जास्त आहेत. मग सगळा रोख मोटारींवरच का, असं विचारलं जाईल. कारण जागा. एका मोटारीच्या जागेत चार-पाच दुचाकी सहज मावतात, आणि दुचाकीवाला बहुधा तो आहे ज्याला बस मिळाली असती तर बसने गेला असता. आधी मोटार आवरा, मग बस सुधारा. दुचाकी आपोआप थोडी कमी होईल. उलट्या क्रमाने केलंत तर गरिबावर दंड आणि श्रीमंताला मोकळा रस्ता, एवढंच होईल.

आजारी माणसाचं काय, म्हातारीचं काय, अपंगाचं काय? त्यांच्यासाठी दाराशी गाडी असलीच पाहिजे, आणि आज ती मिळत नाही, कारण त्यांच्या हक्काची जागा धडधाकट माणसांनी अडवलेली असते. माथेरानमध्ये तर मोटारी गावात शिरतच नाहीत, दस्तुरी नाक्यावर थांबतात. तिथेही रुग्णवाहिका जाते. म्हैसूर काही माथेरान होणार नाही आणि व्हायलाही नको. पण पूर्ण बंदीतही अपवादाची वाट काढता येते हे तिथे दिसतं.

लोक विरोध करतील, आणि आपली बदली होईपर्यंत हा विषय लांबवण्याचा मोह होईल. स्टॉकहोमचं उदाहरण त्यासाठीच सांगतो. तिथे शहरात शिरणाऱ्या गाड्यांवर कर लावायला लोकांचा विरोध होता. मग २००६ मध्ये जानेवारी ते जुलै असा सात महिने प्रयोग म्हणून तो लावला. वाहतूक साधारण पाचव्या हिश्शाने घटली. ऑगस्टमध्ये प्रयोग थांबवला, गाड्या परत वाढल्या, आणि सप्टेंबरमध्ये जनमत घेतलं तेव्हा शहरातल्या लोकांनी कराच्या बाजूने कौल दिला. आधी करून दाखवलं, मग विचारलं. म्हैसूरात आधी विचारतात, मग बैठक होते, मग अहवाल येतो, आणि अहवाल घेऊन अधिकारी बदलून जातो.

म्हणून मोठी योजना मागत नाही. दसरा झाल्यावर पहिल्या शनिवारपासून सहा महिने, देवराज अर्स रोडवर तासाचा वाढता दर आणि रिंगरोडवरून शनिवार-रविवारची बस, एवढंच. सहा महिन्यांचे आकडे दर महिन्याला जाहीर करा: किती बस सुटल्या, किती माणसं बसली, दुकानांचा धंदा वाढला की घटला. नुकसान दिसलं तर बंद करा, मी तक्रार करणार नाही. महापालिका, पोलीस, केएसआरटीसी, विकास प्राधिकरण, बेंगळुरूचं नागरी वाहतूक संचालनालय यांच्यातली ओढाताण मला ठाऊक आहे. दसऱ्याला हे सगळे आपल्या एका टेबलाभोवती बसतात, तसे नोव्हेंबरातही बसवा.

व्यापारी संघटनेबरोबर बैठक घ्यावी लागेल, मलाही बोलावलंत तर येईन. एक सूचना: ती कचेरीत नको, देवराज अर्स रोडवरच्याच एखाद्या हॉलमध्ये, शनिवारी संध्याकाळी सहाला ठेवा, आणि सगळ्यांनी आपापल्या गाडीने या असं निमंत्रणात लिहा. बैठक सुरू व्हायला किती उशीर होतो ते इतिवृत्तात पहिल्या ओळीत नोंदवावं.

आपला नम्र,
सरस्वतीपुरम इथला एक रहिवासी